पात्यामागची स्प्रिंग

१ जानेवारी २०२४, सोमवार

डायरी खतवाल्यानं फुकट दिली. प्रत्येक पानाखाली धानावरच्या एकेका किडीची माहिती आहे. वरची जागा माझी.

संकल्प: या वर्षी कोणाचा हेवा करायचा नाही. तसा मी करतच नाही. हेवा करायला समोरचा बरोबरीचा लागतो.

आता साडभाऊ चंदनचंच घ्या. माझ्या बायकोच्या, रंजूच्या, लहान बहिणीचा नवरा. राहतो अड्याळला, तलावात मासे धरतो आणि शिंगाडे लावतो. आमचं सगळं खानदानच तलावातलं, मी एकटा पाण्यातून करंटात आलो. बावीस वर्षं झाली, लाखनीत हायवेला लागून 'लिलाधर वाइंडिंग वर्क्स'. मिक्सर, कूलर, पाण्याची मोटर, काहीही आणा. त्याच नावाचा यूट्यूब चॅनेलही आहे. सबस्क्रायबर ४१.

चंदननं शिंगाडे सोलायची मशीन बनवली आहे. जुनी सायकल, पत्र्याचा ड्रम, एक मोटर. शिंगाड्याची साल टणक, वरून शिंगं. सोलता सोलता बायकोची बोटं फाटतात म्हणून केली म्हणे. मोटर मी नवी तार गुंडाळून भरून दिली. म्हणजे मशीनचा जीव माझा, सांगाडा त्याचा. नोव्हेंबरात अड्याळच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्यानं ती घरासमोर मांडली, तर नाटक पाहायला आलेले पाहुणे नाटकाचं सोडून मशीन पाहत बसले. लोकांना नीट समजावं म्हणून चालवून मी दाखवली, बोललोही मीच. व्हिडिओ चॅनेलवर टाकला. २१२ व्ह्यूज. माझा रेकॉर्ड आहे.

तरी लोक म्हणाले, 'वा चंदन!' म्हणोत. मला काही वाटलं नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. चंदन तिळगूळ घेऊन आला, सोबत कागदांचा गठ्ठा. म्हणे, 'भाऊ, मशीनच्या पेटंटचा अर्ज टाकून राहिलो. इश्वर सर करून देऊन राहिले.' इश्वर सर म्हणजे अड्याळचेच, नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. कागदावर माझी सही पाहिजे म्हणाला. साक्षीदार लागत असेल.

मी न वाचता तीन ठिकाणी सही ठोकली. वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, भाऊला लई उत्सुकता आहे. तो म्हणाला, 'भाऊ, वाचून तं पहा.' मी म्हणालो, ठेव तिकडे, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नव्हतं.

जाता जाता म्हणाला, 'दसऱ्याले तुमी बोलले नसते तं हे झालंच नसतं.' दसऱ्याला मी काय बोललो ते मला आठवत नाही. सोनं वाटताना माणूस काहीही बोलतो.

११ ऑगस्ट, रविवार

पेपरात आला. चंदन. पान तीन. फोटोसकट!

'अड्याळच्या मच्छीमाराची झेप: शिंगाडा सोलणी यंत्राचा पेटंट अर्ज प्रसिद्ध.' फोटोत ड्रमवर हात ठेवून उभा. माझी मोटर फोटोत अर्धी कापली.

सकाळी रंजूनं तीन वेळा वाचून दाखवलं. माहेरच्या जावयाचं नाव आलं की हिचा आवाज कसा मोठा होतो. मी म्हणालो, मीही जावई आहे. म्हणे, 'मी कुठं नाई म्हनलं?' पण ज्या टोनमध्ये म्हणाली तो टोन मी ओळखतो.

पेटंट मिळालं तर वीस वर्षं राहतं म्हणे. वीस वर्षं दुसऱ्या कोणी ती वस्तू त्याला विचारल्याशिवाय बनवायची नाही, विकायची नाही. चंदन एकेचाळीसचा आहे. एकसष्टीपर्यंत चरबी.

दुकानात गेलो तर समोरच्या टपरीवरचा डोमा चहा देताना विचारतो, 'भाऊ, पेपरात आला थो तुमचा साडभाऊ ना?' चहात साखर कमी होती.

१२ ऑगस्ट, सोमवार

निर्णय झाला. मीही पेटंट घेणार. दिवाळीच्या आत. दुकानात देवाच्या फोटोच्या बाजूला मोठा खिळा ठोकला. सर्टिफिकेट तिथे लागेल. भिंत जुनी आहे म्हणून चार इंची ठोकला, हलणार नाही.

दुसरा निर्णय: घरात 'पेटंट' हा शब्द बंद. जो काढेल त्यानं भांडी घासायची. रंजू काहीतरी सांगत होती, 'अहो, चंदनजीच्या त्या पेटंटात तुमचं...' तिथेच थांबवली. भांडी.

१८ ऑगस्ट, रविवार

आतापर्यंत चार वेळा भांडी. तीन वेळा माझी.

२४ ऑगस्ट, शनिवार

भंडाऱ्याला कॉलेजात पेटंटवर कार्यशाळा. सरकारी, फुकट, वर जेवण. इश्वर सरांना विचारायला मी काही चंदन नाही.

मॅडम चांगल्या बोलल्या. पेटंट मागणाऱ्या वस्तूला तीन प्रश्न विचारतात म्हणे. पहिला, ही जगात आधी कुठे कोणी केली, छापली, दाखवली आहे का? असेल तर विषय संपला. दुसरा, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला हे सहज सुचलं असतं का? सुचलं असतं तर यात अक्कल कुठली? तिसरा, हे खरोखर बनवता, वापरता येतं का? नुसती आयडिया चालत नाही. कशी बनवायची ते दुसऱ्याला जमेल इतकं उघडून लिहावं लागतं.

आणि अर्ज टाकायच्या आधी कुठेही दाखवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बचत गटाच्या एका बाईनं विचारलं, 'हळदीकुंकवाले आलेल्या बायकांले दाखवली तं?' मॅडम म्हणाल्या, पन्नास बायकांनी पाहिलं की जगानं पाहिलं. सगळे हसले. मी लिहून घेतलं.

माझं डोकं भरलेलं आहे. फक्त एक एक काढायचं आहे. मॅडमचा नंबर घेतला. भाजी खारट होती.

२८ ऑगस्ट, बुधवार

शोध क्रमांक एक: दुकानाचं शटर कोणी उचललं की घरी बेल वाजते. तीन दिवस लागले. वाजली! रंजू दचकली.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आधी शोधा. ऑनलाइन सेवा केंद्रातल्या प्रतिक्षानं दोन मिनिटांत मोबाईलवर चौदा कंपन्यांच्या तशाच बेला दाखवल्या. माझ्यापेक्षा लहान, वर रिमोट. चीनवाल्यांनी आधीच केली आहे. जगात माझ्यासारखं डोकं असलेली माणसं आहेत, एवढं सिद्ध झालं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

बोर्डावर नावाखाली पेंटरकडून 'पेटंटेड' लिहून घेतलं. होणारच आहे, आधी लिहिलं तर काय बिघडलं?

३ सप्टेंबर

मॅडम म्हणाल्या, नसताना असं लिहिणं गुन्हा आहे, दंड होतो. पेंटरला परत बोलावलं. त्यानं त्यावर पांढरा पट्टा मारला. पट्ट्यातून अक्षरं दिसतात. चंदनला तर लिहायचीही गरज नाही, त्याचं पेपरवालेच लिहितात.

८ सप्टेंबर, रविवार

शोध क्रमांक दोन: शिंगाड्याचं पीठ, हळद आणि मोहाचं तेल. टाचेच्या भेगांवर. आईचा उपाय आहे, पण जगाला कुठे माहीत?

मॅडम: परंपरेनं चालत आलेल्या उपायाला पेटंट नाही. दोनचार वस्तू नुसत्या कालवल्या त्यालाही नाही. मी म्हणालो, परंपरा कसली, आमच्या आईचं आहे. तर रंजू मागून ओरडते, 'आमची आई बी हेच लावत होती!' म्हणजे सासरवाडीनं आमच्या घरातून चोरलं. या लोकांची सवयच दिसते.

१५ सप्टेंबर, रविवार

शोध क्रमांक तीन. हा खरा. आजवर कोणाला सांगितला नव्हता.

मोटर डायनामो फिरवणार. डायनामोचा करंट मोटरला जाणार. मोटर परत डायनामो फिरवणार. एकदा हातानं फिरवा, मग चालतच राहणार. लाइट बिल बंद! चंदनची शिंगाडे सोलते, माझी देश चालवेल.

दुपारी चालवली. नऊ सेकंद चालली. नवव्या सेकंदाला थांबली. दोष बेअरिंगचा.

१६ सप्टेंबर

नवं बेअरिंग. सात सेकंद.

मॅडम म्हणाल्या, निसर्गाच्या नियमाविरुद्ध जाणारी मशीन पेटंटवाले दारातूनच परत करतात. शिवाय म्हणाल्या, रविवारी फोन करत जाऊ नका. चंदनला निसर्गाचे नियम आडवे येत नाहीत, इश्वर सर आहेत ना त्याला. मला कोण आहे? जेवलो नाही. रंजूनं विचारलंही नाही, काहून जेवले नाही म्हणून. मग उशिरा जेवलो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

गणपती बसले, उठले. मी तिथेच.

प्रतिक्षाकडून चंदनचा अर्ज उतरवून घेतला. छापून आलेला अर्ज कोणीही पाहू शकतो. एकोणीस पानं, सगळी इंग्रजी. मी फक्त आकृत्या पाहिल्या. कारागीर माणूस आकृती वाचतो, मजकूर वकील वाचतात.

आकृती तीनवर थांबलो. सोलायच्या पात्यामागे स्प्रिंग!

ही तर आमच्या धंद्यातली. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशमागे छोटी स्प्रिंग असते. कार्बन झिजत जातो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलत राहते, म्हणून तो टेकलेला राहतो. चंदननं तशीच पात्यामागे लावली. शिंगाडा वाकडातिकडा, शिंग आलं की पातं मागे सरतं, खड्डा आला की पुढे. साल निघते, गर कापला जात नाही.

हे चंदनला सुचणं शक्य नाही. त्यानं आयुष्यात मिक्सर उघडलेला नाही. आमच्यातल्याच कोणीतरी सांगितलं. कोण असेल तो बिनडोक, ज्यानं धंद्यातली अक्कल अशी फुकट वाटली? सापडला तर दोन शब्द सुनावणार आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज झोपेतून उठलो तेव्हा सगळं स्पष्ट होतं.

मला पेटंट मिळो न मिळो. चंदनला कायले मिळावं?

प्रतिक्षानं वाचून सांगितलं, अर्ज छापून आला की मंजूर व्हायच्या आधी कोणीही विरोध करू शकतो. कोणीही! फी भरली की झालं. सरकारनं हे सगळ्यांना खुलं ठेवलं याचा अर्थ सरकारला असे जागरूक नागरिक हवे आहेत.

हे जळणं नाही. कायदा आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

मुद्दे लिहून काढले. सहा पानं. इतकं मी दहावीतही लिहिलं नव्हतं.

मुद्दा एक: ही मशीन अर्जाच्या दोन महिने आधी मंडईत उघड्यावर चालवून दाखवली. तीन हजार लोक. पुरावा: माझ्याच चॅनेलवरचा व्हिडिओ, तारखेसकट. हळदीकुंकवाच्या पन्नास बायका चालतात तर तीन हजार पाहुणे का नाही? मॅडमचे उपकार.

मुद्दा दोन: पात्यामागच्या स्प्रिंगमध्ये काडीची अक्कल नाही. लाखनीतल्या कोणत्याही वाइंडिंगवाल्याला ती झोपेत सुचेल. हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, तिसऱ्यांदा धार आली.

प्रतिक्षानं इंग्रजी करायला घेतलं. मध्येच थांबली. म्हणे, 'काका, यात तं तुमचं नाव...' मी म्हणालो, माझं नाव कुठेच यायला नको. 'पन काका, ते तं आधीपासूनच...' म्हटलं, आधीपासूनच नको म्हणून सांगतो आहे! पोरीनं खांदे उडवले. आजकालच्या मुलांना गुप्तता कळत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नावाला डोमा ठरला. त्याच्या टपरीवर गेलो, दोन कट घेतले. म्हणालो, डोमा, एक सही पाहिजे, गावाच्या भल्याची. म्हणे, 'करंट तं लागनार नाई ना?' नाही म्हटलं. त्यानं चहाच्या हातानं सही केली. कागदावर डाग पडला. स्पीडपोस्टनं मुंबईला रवाना.

किती हलकं वाटतं. बोर्डावरचा पांढरा पट्टाही आज सुंदर दिसला.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

चंदन सोनं द्यायला आला, सोबत त्याची बायको नंदिनी. तिची बोटं पाहिली. साफ. शिंगाड्याचा सीझन सुरू आणि बोटावर एक चीर नाही. 'आता मच्छीमार सोसायटीतल्या बारा बाया मशीनीवरच सोलतात,' म्हणे. मी पाणी प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तर चंदन म्हणतो, 'भाऊ, मांगच्या दसऱ्याले याच टायमाले तुमी...' मी म्हणालो, या घरात त्या विषयावर बंदी आहे. तो म्हणाला, 'मी तं अजून विषय काढलाच नाई.' मी म्हणालो, काढणार होतास. हसला. हा माणूस कशालाही हसतो, म्हणूनच लोकांना आवडतो. मला हसताना दात दिसतात म्हणून मी हसत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

अड्याळची मंडई. चंदनचे चार फोन. 'भाऊ, येजाच, स्टेजवर काम हाये.' त्याच्या सत्काराला मी टाळ्या वाजवायला जाऊ? दुकानात कामाचा लोड आहे म्हणून सांगितलं. दिवसभरात एक इस्त्री आली.

रंजू गेली. परत आली ती शाल, नारळ घेऊन. म्हणे, 'तुमच्यासाठी दिलं चंदनजीनं. तिथं तुमचं नाव बी...' हात वर केला. भांडी.

शाल चांगली आहे. दया म्हणून दिलेली शाल मी पांघरत नाही. थंडी वाजली तर रंजूनं पांघरावी.

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

(डायरी जुनीच. खतवाल्यानं या वर्षी पेन दिला.)

नोटीस पोचली! चंदन सकाळी दहाला दुकानात. तोंड उतरलेलं. म्हणे, 'भाऊ, आपल्या अर्जावर कोनी आक्षेप घेतला. लाखनीचाच हाये, डोमा नावाचा.' आपल्या अर्जावर म्हणतो. गोड बोलायची पद्धत. मी म्हणालो, लाखनीत डोमा पुष्कळ. तो म्हणाला, पत्ता तुमच्या समोरचा आहे.

आणि गेला रस्ता ओलांडून. मी शटरच्या आड. कान टपरीकडे. डोमा सांगणार, लिलाधरभाऊनं सही घेतली म्हणून. सांगणार म्हणजे सांगणारच.

डोमानं चहा गाळता गाळता मान वर केली आणि म्हणाला, 'हो, मीच केला आक्षेप. मले नाई पटलं.'

जीव भांड्यात पडला. पण पाच मिनिटांनी वर आला. मीच केला? सहा पानं मी लिहिली! स्प्रिंगवरचं वाक्य तीनदा मी घासलं! आणि हा साखर ढवळत म्हणतो, मीच केला.

चंदन परत येऊन स्टुलावर बसला. म्हणे, 'डोमाजीचं मी काय बिघडवलं? माझ्यासाठी नाई भाऊ, बारा बायांसाठी वाईट वाटते. पेटंट झालं असतं तं कारखानदारानं परवानगी मांगून बनवल्या असत्या मशिनी, सोसायटीले चार पैसे आले असते.' मी त्याला मिक्सरचं झाकण दाखवत बसलो.

२० फेब्रुवारी

रात्री तीनदा उठून पाणी प्यायलो. कालची वांगी असावीत.

१७ जून, मंगळवार

निकाल लागला. अर्ज नामंजूर.

ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस. मी पेढे आणायचे की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात चंदन आला. एका हातात शिंगाड्याच्या पिठाची थैली, दुसऱ्या हातात निकालाचे कागद. रंजू डबा घेऊन आली होती, तीही उभी राहिली.

चंदन म्हणे, 'भाऊ, माफ करा, तुमचं नाव खराब झालं माझ्यापायी.'

माझं नाव?

त्यानं पहिलं पान पुढे केलं. इंग्रजी. पण माझं नाव मला इंग्रजीत वाचता येतं, बोर्डावर आहे. अर्जदार आणि संशोधक: एक, चंदन तुलाराम वलथरे, अड्याळ. दोन, लिलाधर सोमाजी दिघोरे, लाखनी.

मी म्हणालो, मी तर साक्षीदार होतो. चंदन म्हणाला, 'साक्षीदार कायचे? तेवीसच्या दसऱ्याले तलावाच्या पारीवर मशीन पाहून तुमी नाई का म्हनलं, येड्या, कार्बन ब्रशच्या मांगं असते तशी स्प्रिंग लाव पात्याच्या मांगं, नाई तं फेक हे भंगार? मी फेकलं नाई. स्प्रिंग लावली. इश्वर सर म्हनले, ड्रम जुना, सायकल जुनी, मोटर जुनी, पेटंट मांगासारखी एकच गोष्ट हाये, थे स्प्रिंग. मंग तुमचं नाव नाई टाकाचं तं कोनाचं टाकाचं?'

निकालाचा अर्थ त्यानं इश्वर सरांकडून समजून घेतला होता. आक्षेपाचा दुसरा मुद्दा साहेबांनी फेटाळला. पात्यामागची स्प्रिंग कोणालाही सहज सुचण्यासारखी नाही, त्यात कल्पकता आहे, असं सरकारनं सहीशिक्क्यानिशी लिहिलं आहे. पण पहिला मुद्दा मान्य. मंडईत दाखवली, व्हिडिओ आला, म्हणून नवी राहिली नाही.

रंजू म्हणाली, सरांनी आधी विचारलं नव्हतं का, कुठे दाखवली म्हणून? चंदन म्हणाला, 'विचारलं ना. मी नाई म्हनलं. मंडईत कोन असते वो? आपलेच पाहुने. घरच्या लोकांले दाखवलं म्हनजे का दाखवनं झालं?'

मग माझ्याकडे वळून: 'तुमी मनाले लावून घेऊ नका भाऊ. व्हिडिओ तुमचा हाये, पन तुमी का जानून टाकला? कोन मेला जळकुकडा असन, ज्यानं शोधून काढला.'

मी म्हणालो, हो, असेल कोणी.

१८ जून

प्रतिक्षाला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणे, 'दोनदा सांगून राहिली होती काका. तुमीच बोलू नाई दिलं. मले वाटलं, तुमाले मोठा काही गेम करायचा असन.'

माझा शोध खरा होता. एकच होता. तो मी पारीवर, तलावाच्या बांधावर, उभा राहून शिवी देताना लावला आणि सहा पानं लिहून मारला. त्या बिनडोकाला दोन शब्द सुनावणार होतो. सुचत नाहीत.

२२ जून, रविवार

पेपर. पान तीन. डोमा. फोटोसकट!

'लाखनीच्या चहावाल्याचा पेटंट कार्यालयात विजय.' फोटोत चाळणी धरून उभा. खाली लिहिलं आहे, 'नियमांचा सखोल अभ्यास केला, असे ते म्हणाले.' सखोल! याला पेटंट आणि पार्सल यातला फरक सांगता येणार नाही. शिवाय सगळा निकाल छापला, पण कल्पकतेचं वाक्य गाळलं. माझं नाव कुठेच नाही. इकडच्या बाजूनं नाही, तिकडच्याही नाही.

कात्रण लॅमिनेट करून टपरीला लावलं आहे. दोन पोरं त्याच्याकडे सल्ला मागायला आली होती. दिलाही म्हणे! कट आता मोठ्या ग्लासात देतो.

त्याच्याकडचा चहा बंद.

२४ जून

बसस्टँडवरचा चहा पांचट आहे. पण स्वाभिमान म्हणून काही असतं.

२९ जून, रविवार

दुकान बंद ठेवून झाडलोट काढली. रंजू मदतीला. कोपऱ्यात मोटर आणि डायनामो होते, भंगाराच्या जाळीत घातले. रंजूनं शाल आणली होती, नोव्हेंबरची. घडी तशीच. तिच्यात एक चिठ्ठी टाचलेली, 'सहसंशोधक लिलाधरभाऊ यांस, अड्याळ मंडई.' सात महिने कपाटात होती.

ती फळ्या पुसत होती, मी खाली बसून तारा सोडवत होतो. पुसता पुसता ती म्हणाली, 'डोमाजीकडं तं बटनाचा फोन हाये.'

मी म्हणालो, मग?

म्हणाली, 'मग काई नाई. मी म्हनलं, बटनाच्या फोनवर यूट्यूब दिसत नाई.'

मी तारा सोडवत राहिलो. एक गाठ सुटली, दुसरी बसली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. चंदनला सांगशील का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ती कबुलीच झाली असती.

फडकं झटकून तीच म्हणाली, 'नंदिनीले नाई सांगत मी. तिचा नवरा तुमाले मानते.'

मग तिनं देवाच्या फोटोजवळचा खिळा पाहिला. काढायला गेली, निघाला नाही. मी पक्कड दिली, तरी नाही. चार इंची आहे, मीच ठोकला. शेवटी तिनं पोस्टातून मिळालेलं कॅलेंडर त्यावर टांगलं. सहा महिने निघून गेलेलं, पण जागा झाकली जाते.